‘आम्ही खेळायचो’ म्हणताना

गेल्या गणपतीत ताई सगळ्यांना घेऊन आमच्याकडे आली होती. दुपारची जेवणं झाली आणि नववीतली भाची सोफ्यावर आडवी होऊन फोनवर काहीतरी खेळत बसली. माझ्या वयाचे मामा जे करतात तेच मी केलं. म्हणालो, “हे कसले खेळ? खेळ आमच्या वेळचे. थांब, दाखवतो.” लॅपटॉप आणला आणि ब्राउझरमध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ उघडला. पांढऱ्या कपड्यांतला तो एवढासा माणूस तळघरात येऊन पडला आणि माझ्या पोटात काहीतरी हललं.

“हा आम्ही दर रविवारी खेळायचो,” मी भाचीला सांगत होतो. “तुझी आई आणि मी. मिरजेला.”

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. “आम्ही नाही. तू खेळायचास. मी शेजारी बसायचे.”

त्या आवाजात राग नव्हता. ती चहा गाळत होती. पण माझं वाक्य तिथेच अडकलं, आणि अजून अडकलेलंच आहे.

*

ज्यांचा जन्मच स्मार्टफोनच्या जवळपासचा आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. गोष्ट १९९५ ची. बाबांच्या ओळखीच्या एका काकांचं डीटीपीचं दुकान होतं. आठवडाभर तिथे लग्नपत्रिका आणि हँडबिलं टाइप व्हायची. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं आणि काका आम्हाला एक तास कॉम्प्युटरवर बसू द्यायचे. फक्त एक तास. कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ दिसायची. तो डॉस. चिन्हं नाहीत, माऊस नाही. फोल्डरचं नाव टाइप करायचं, मग खेळाचं नाव टाइप करायचं, एंटर मारायचा. एक स्पेलिंग चुकलं तर मशीन कोरडेपणाने सांगायचं, असली कमांड नाही.

खेळ कुणीतरी फ्लॉपीवरून उतरवून दिलेला. १.४४ एमबीची ती चौकोनी चकती. आज तुम्ही फोनवर काढता तो एखादा फोटोसुद्धा बहुतेक वेळा तिच्यात मावणार नाही. एवढ्या जागेत एक राजवाडा, बारा लेव्हल, एक राजकन्या आणि एक दुष्ट वजीर होता. आणि नियम असा की ६० मिनिटांच्या आत तिला सोडवायचं. खेळातली नव्हेत, खरीखुरी ६० मिनिटं.

हा खेळ जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवला. १९८५ मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं. मग एकेक चित्र पडद्यावर उतरवलं. म्हणून तो राजपुत्र खेळण्यासारखा न हलता माणसासारखा हलतो, उडी मारण्याआधी अंग सावरतो, काठाला लटकल्यावर धडपडतो. संगीत वडिलांनी दिलं. खेळ १९८९ मध्ये आधी ॲपल टू या कॉम्प्युटरवर आला, तिथे फारसा चालला नाही. पुढच्या वर्षी डॉसवर आला आणि हळूहळू जगभर पोचला. फ्लॉपीवर बसून तो मिरजेपर्यंतही आला.

*

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द आपण आता गोड अर्थाने वापरतो. तो जन्माला आला तो मात्र रोगाचं नाव म्हणून. १६८८ मध्ये बाझलच्या योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात हा शब्द घडवला. घरापासून लांब राहणारे स्विस लोक, विशेषतः भाडोत्री सैनिक, गावाच्या आठवणीने खंगत जात. ग्रीकमधले ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ हे दोन शब्द जोडून त्याने त्या दुखण्याला नाव दिलं. उपाय सोपा वाटायचा, रोग्याला घरी पाठवा.

शंभरेक वर्षांनी कांटने यात एक मेख मारली. तो म्हणतो, हे लोक परत गावी जातात तेव्हा त्यांचा अपेक्षाभंग होतो आणि त्यानेच ते बरे होतात. त्यांना वाटतं की गाव बदललं. खरं म्हणजे त्यांना हवं होतं ते तारुण्य, आणि ते तिथे ठेवलेलं नसतं.

कांटचं म्हणणं मला बरंचसं पटतं. आज जुने खेळ मिळवणं अजिबात अवघड नाही. इंटरनेट अर्काइव्हने २०१५ मध्ये डॉसचे २,००० हून जास्त खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतील असे ठेवले. खेळच हवा असता तर माझं दुखणं त्या दिवशी संपायला हवं होतं. मी उघडतो, दहा मिनिटं खेळतो, बंद करतो. म्हणजे हवं आहे ते दुसरंच काहीतरी.

मराठीत आपण ‘स्मरणरंजन’ म्हणतो. या शब्दातलं ‘रंजन’ मूळचं रंगवण्याचं आहे आणि ते शब्दशः खरं निघालं. त्या दुपारी मी भाचीला म्हणालो, “बघ, मशालींचा रंग अजून तसाच आहे.” ताई हसली. “अरे, काकांचा मॉनिटर काळा-पांढरा होता. राजकन्येचा ड्रेस कुठल्या रंगाचा असेल यावरून आपली पैज लागली होती, विसरलास?” मी विसरलो होतो. नंतर कधीतरी दुसऱ्याच कॉम्प्युटरवर पाहिलेले रंग मी मिरजेच्या रविवारांना लावून टाकले होते.

रंग चुकले तर कुणाचं काही बिघडत नाही. पण माणसं चुकली तर?

*

आमच्या पिढीचे लोक जुन्या खेळांबद्दल बोलताना दोन गोष्टी हटकून सांगतात. पहिली, ते खेळ अवघड होते म्हणून आम्ही चिवट झालो. दुसरी, तेव्हा कमी होतं म्हणून जे होतं त्याची किंमत होती.

पहिली निम्मीच खरी आहे. एकाच दरीत चाळीस वेळा पडूनही मी पुन्हा उठायचो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ज्या माणसासमोर एकच ताट आहे त्याने ते संपवलं म्हणून त्याला संयमी म्हणता येत नाही. तुमच्या हातातल्या फोनमध्ये हजार ताटं आहेत. त्यातलं एक धरून बसायला माझ्यापेक्षा जास्त चिवटपणा लागतो, आणि तुमच्यातले कितीतरी जण तो दाखवतात.

तरी एक फरक मला खरा वाटतो. ‘प्रिन्स’ संपायचा. तासाभरात जिंकलात किंवा हरलात, त्याचं तुमच्याकडे काम उरत नव्हतं. आजचे बरेच फुकट खेळ संपू नयेत असेच बांधलेले असतात. उद्या परत या, बक्षीस घ्या, वाट पाहायची नसेल तर पैसे भरा. पण म्हणून जुना काळ निष्पाप ठरत नाही. त्याच्याही आधीचे आर्केडमधले खेळ नाणी गिळण्यासाठीच अवघड केलेले असत. आणि आमची फ्लॉपी चोरीचीच होती.

दुसऱ्या गोष्टीपाशी मात्र मी अडखळतो. कमी होतं, खरं आहे. एक मशीन, एक कीबोर्ड, एक तास. काकांचा तास आणि राजपुत्राचा तास सारखाच. मध्ये पाळी बदलली तर राजकन्या सुटणार नाही, हा युक्तिवाद बारा वर्षांच्या मुलाने केला होता आणि तो बिनतोड होता. ताई चौदा वर्षांची होती. तिने तो मान्य केला. म्हणजे मी तेव्हा तसं समजलो. आता वाटतं, असे युक्तिवाद मान्य करायची तिला घरात भरपूर सवय होती.

टंचाईच्या आठवणी गोड लागतात त्या ज्याच्या वाट्याला आलं त्याला. ज्याच्या वाट्याला आलं नाही, त्याची तीच दुपार वेगळी असते.

*

आणि ताई नुसती बसायचीही नाही. डॉसवरच्या ‘प्रिन्स’मध्ये चोरी पकडण्याची एक युक्ती होती. सुरुवातीलाच एका दालनात बाटल्या मांडलेल्या असत, प्रत्येकीवर एक अक्षर. खेळ सांगायचा, माहितीपुस्तकाच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्या. पुस्तक विकत घेणाऱ्याकडे असायचं. आमच्याकडे कुठून असणार? आम्ही अंदाजाने प्यायचो.

ताईने एक वही केली. पान, ओळ, शब्द आणि बरोबर निघालेलं अक्षर. प्रश्न दर वेळी बदलायचा, म्हणून रविवारमागून रविवार ती एकेक नोंद करत गेली. कधीच न पाहिलेल्या पुस्तकाची तिने बाहेरून मोजमापं घेतली. मी बाराव्या लेव्हलपर्यंत पोचलो तो त्या वहीमुळे. गेली तीस वर्षं मी ही गोष्ट मित्रांना सांगतोय, आणि तिच्यात वही नव्हती.

याला मी खोटं म्हणणार नाही, मला खरंच आठवत नव्हतं. पण ‘आम्ही’ हा शब्द वापरताना आपण दुसऱ्याची साक्ष न विचारता नोंदवून टाकतो. भूतकाळावर माझा हक्क आहे, पण आमच्या भूतकाळावर एकट्या माझा नाही. गावाच्या, चाळीच्या, शाळेच्या, ‘त्या काळच्या साध्या दिवसांच्या’ सगळ्याच स्मरणरंजनाला मी आता हा प्रश्न लावून बघतो. त्या दिवसांत पाणी कोण भरत होतं? दारापाशी कोण बसलं होतं?

या खेळात एक सावली आहे. चौथ्या लेव्हलला आरशातून आरपार उडी मारली की राजपुत्राचीच छाया वेगळी होऊन पळते. मेमरी इतकी अपुरी होती की नवा शत्रू काढायला जागा नव्हती, म्हणून मेक्नरने राजपुत्राचीच चित्रं किंचित बदलून ही सावली केली. पुढे ती त्याच्या तोंडची बाटली पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार बंद करते. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलेला प्रत्येक वार राजपुत्रालाच लागतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचं. मी त्या सावलीकडून कित्येक रविवार मेलो. तलवार ठेवून बघ, हे शेवटी सांगितलं ताईने.

*

चहा झाल्यावर मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. “तू खेळ.”

“आता?” ती म्हणाली, पण बसली. तिला सगळा रस्ता पाठ होता. “डावीकडे लगेच जायचं नाही, पहारेकरी आहे. आधी तलवार.” भाची बघत राहिली. पण वाट पाठ असली तरी बोटांना कळा माहीत नव्हत्या. पहिल्याच मोठ्या उडीला राजपुत्र काठावरून निसटला आणि खाली खिळ्यांत पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा पडला. मी सवयीने हात पुढे केला, “दे, एवढं मी पार करून देतो,” आणि भाचीने माझा हात धरून मागे घेतला.

वीसेक मिनिटांनी ताई तलवारीपर्यंत पोचली. पहारेकऱ्याला मारलं. मग तिने चष्मा काढला, डोळे चोळले आणि पडद्याकडे बघत म्हणाली, “एवढंच होतं?”

कांटचा रोगी असाच बरा होत असावा. ताई उठून भांडी आवरायला जाऊ लागली. मी म्हणालो, बस, मी आवरतो. आत गेलो तर बाहेरून दोघींचे आवाज येत होते. भाची म्हणत होती, “आई, इथे बाटल्या आल्यात, त्यांच्यावर अक्षरं आहेत. आता काय करायचं?”