सभागृह आणि सभा

सभागृह बांधणें सोपें. परंतु तेथें बसून निर्णय करणारा नागरिक घडविणें कठीण. मुंबईचा टाउन हॉल पाहतांना हा विचार आमच्या मनांत वारंवार येतो. १८३३ सालीं पूर्ण झालेल्या या वास्तूच्या तीस पायऱ्या व डोरिक पद्धतीचे स्तंभ पाहून कोणाचेंहि मन क्षणभर दबेल. नांव नगराचें; परंतु ती उभी राहिली तेव्हां नगरवासीयांस आपला कारभार पाहण्याचा अधिकार नव्हता. पालिकेंत निवडलेले सभासद येण्यास १८७२ चा कायदा व्हावा लागला, आणि तो हक्कहि करदात्यांपुरताच होता.

उलटपक्षीं अमेरिकेंतील व्हर्मांट राज्य पाहावें. तेथील पुष्कळ गांवीं मार्चच्या पहिल्या मंगळवारीं लोक जमतात, रस्त्यांच्या खर्चावर वाद घालतात, व हात वर करून तो मंजूर वा नामंजूर करतात. जागा कित्येकदां शाळेच्या व्यायामगृहाची असते. त्याच देशांत १९९२ सालीं रिचमंड येथें अध्यक्षपदाचे तीन उमेदवार मतदारांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यास उभे राहिले. त्या प्रकारासहि 'टाउन हॉल' असेंच म्हणतात. नांव राहिलें, निर्णय गेला, प्रश्न तेवढा उरला.

प्रश्न विचारणें हें थोडें का आहे, असें कोणी म्हणेल. थोडें खचितच नाहीं. उत्तर देण्याची संवय सत्ताधाऱ्यांस लागलीच पाहिजे. परंतु प्रश्न विचारणारा उत्तर ऐकून घरीं जातो. निर्णय करणाऱ्यास त्याचा भार वाहावा लागतो. शेजाऱ्याच्या दारापुढील रस्त्यासाठीं आपण कर द्यावयाचा कीं नाहीं, हें त्याच्याच डोळ्यांदेखत सांगण्याची पाळी आली म्हणजे मनुष्य जपून बोलूं लागतो. नीतीचें हें शिक्षण व्याख्यानानें मिळत नाहीं.

आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंत स्थान मिळालें. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें सर्वसंमतीनें निर्णय घेण्याची रीत चालविली, व २००९ सालीं आपल्या वनावरील सामूहिक हक्क मिळविला. त्यासाठीं त्यास डोरिक स्तंभांची गरज पडली नाहीं. आम्हां शहरी सुशिक्षितांस मात्र सभा म्हटली कीं भाषण ऐकावें, टाळ्या वाजवाव्या व जेवणाच्या वेळीं घर गांठावें, एवढेंच ठाऊक. वॉर्डांतील गटाराविषयीं चार शेजाऱ्यांसह बसण्याचा प्रसंग आला, कीं आम्हांस सवड नसते. सभागृह दुसऱ्यानें बांधून दिलें तरी चालतें. सभा मात्र आपण स्वतः बसल्यावांचून भरत नाहीं.