टाइलखाली काय आहे?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 46

भगवंत अर्जुनाला सांगतात की ज्याच्यापासून सगळे जीव आले आणि ज्याने हे सगळं व्यापलं आहे, त्याची पूजा माणूस आपल्या कर्माने करतो आणि त्यातूनच सिद्धी मिळवतो. ज्ञानेश्वरीत माऊलींनी इथे आपल्या कर्मालाच पूजेच्या फुलांची उपमा दिली आहे.

वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटायचं. आज मात्र या श्लोकावर दहिसरच्या आमच्या घरातल्या बाथरूममधून बोलायचं आहे. हसू नका, पुढे वाचा.

बाबांचे गुडघे दुखतात. बाथरूमची जुनी गुळगुळीत फरशी ओली झाली की त्यांचा पाय सरकायचा. म्हणून सोसायटीची परवानगी काढली आणि ठरवलं, प्लंबरचं काम सोडून बाकी सगळं आपण करायचं. व्हिडिओ बघितले, थापी आणि पाणसळ आणली, छन्नी-हातोडीने जुन्या फरश्या काढल्या. घरात बाथरूम एकच, त्यामुळे सगळे शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतो. त्यात आषाढी एकादशी तोंडावर आलेली, घरी भजनाला माणसं यायची होती.

वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे असतात. ते वाळल्यावर नहाणी ट्रॅप बंद करून, निदान 24 तास पाणी तुंबवून खाली गळतंय का ते बघायचं असतं. मी एकच हात दिला. पाणी तुंबवलंच नाही. म्हटलं, टाइल बसल्यावर कोणाला दिसणार आहे?

एकादशीला सगळ्यांनी कौतुक केलं. खरखरीत टाइल, बाबांसाठी भिंतीला धरायचा दांडा. मी फुगलो होतो.

श्रावणात खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली होती, बरोबर देवघराच्या वर. मी पटकन बोलून गेलो, "काकू, बिल्डिंग जुनी आहे. पावसाचं असेल." त्या काही न बोलता गेल्या.

त्या रात्री झोप लागेना. मग मी गीतेतच पळवाट शोधली. याच श्लोकाच्या दोन श्लोक पुढे भगवंत म्हणतात की अग्नीला जसा धूर, तसा प्रत्येक कर्माला काही ना काही दोष चिकटलेला असतो. म्हटलं, चला, सुटलो! पण पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, भगवंत दोषामुळे काम सोडू नकोस म्हणतात. दोष लपव, असं कुठे म्हणतात?

आणि मग 46 वा श्लोक वेगळाच दिसायला लागला. त्याने सगळं व्यापलं आहे, म्हणजे माझ्या टाइलखालीही तो आहे आणि काकूंच्या छतातही. वर मी त्याची आरती करत होतो आणि खाली त्याच्याच डोक्यावर आमचं सांडपाणी सोडत होतो.

गाडगेबाबांची (1876–1956) आठवण झाली. गावात गेले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. मी क्रम उलटा केला होता. कीर्तनाची घाई झाली म्हणून खराटा अर्ध्यात टाकला.

सकाळी खाली जाऊन सांगितलं, "काकू, पाऊस नाही. चूक माझी आहे. आणि काल मी खोटं बोललो." काका रागावले. रागवायलाच हवं होतं. छताच्या रंगाचा खर्च मी उचलला आणि मीच बसवलेल्या टाइल मीच फोडल्या. या वेळी गवंडीकाकांना शेजारी बसवून शिकलो. उतार ट्रॅपकडे, मीटरला साधारण एक सेंटिमीटर. भिंत आणि जमीन मिळते तिथे आणि ट्रॅपच्या कडेला जास्त काळजी, कारण पाणी बहुतेक तिथूनच उतरतं. दोन हात दिले, आणि मग 48 तास पाणी तुंबवून ठेवलं.

ते दोन दिवस मी देवासमोर बसलो तेव्हा काही मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी स्टुलावर चढून छताला हात लावला. "नवीन ओल नाही रे," एवढंच म्हणाले. त्या दिवशीची पूजा तिथेच पावली, असं मला वाटतं.

मित्रांनो, आपलं बरंच काम टाइलखालचं असतं. बेसिनखाली पुसलेला कोपरा, ऑफिसच्या फाइलमधला कोणी न तपासणारा आकडा, आईला "औषध आणलं" म्हणून दिलेला शब्द. माणसं टाइल बघतात. ज्याला फूल वाहायचं आहे, तो खालचा थर बघतो.

आजचा संकल्प : घाईत झाकून टाकलेलं एक काम आज उघडा. आणि त्याचा त्रास कोणाला होत असेल, तर आधी त्यांच्या दारात जा, मग देवघरात.

पांडुरंगा, न दिसणाऱ्या कामातही मला खरं राहू दे.

राम कृष्ण हरी!