नकाराची किंमत



न मागता कोणी प्रेम दाखविले, तर पुरुष बहुधा सुखावतो आणि स्त्री धास्तावते. असे का? नेपरव्हिलमध्ये वाढलेली आमची मुले म्हणतात, "विचारले तर काय बिघडले?" ठाण्याकडून आलेल्या आम्हांला मात्र उल्हासनगर आठवते. तेथे १९९० साली परीक्षेला बसलेल्या रिंकू पाटील हिला एकतर्फी प्रेमातून जाळून मारण्यात आले.

मग स्त्री मनाने दुबळी म्हणून भिते काय? योसेफाचे पाहा. पोटीफरच्या बायकोला त्याने नकार दिला आणि पुरुष असूनही तो तुरुंगात गेला, कारण तो गुलाम होता. नकाराची किंमत ज्याला मोजावी लागते, तोच भितो. ती बहुतेक वेळा स्त्रीला मोजावी लागते, एवढेच.

भारताने २०१३ साली पाठलाग हा गुन्हा ठरविला. त्यात गुन्हेगार पुरुष आणि पीडित स्त्री असेच धरले आहे. इलिनॉयचा १९९२ चा कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे. पहिला कायदा बहुतेकांचा अनुभव जाणतो, दुसरा योसेफालाही विसरत नाही.

मुलांना आपण इतकेच शिकवावे: विचारण्याआधी समोरच्याला 'नाही' म्हणणे परवडेल का ते पाहा, आणि 'नाही' ऐकताच थांबा.