आईचे पदक आणि दुसरीचा हक्क

जपानची ज्युदोपटू र्‍योको तानी हिचे उदाहरण आईपणाच्या कौतुकात हमखास दिले जाते. ४८ किलो वजनी गटातली ही बाई. माहेरच्या तामुरा नावाने तिने २००० साली सिडनीत सुवर्णपदक जिंकले. २००३ मध्ये बेसबॉलपटू योशितोमो तानीशी लग्न झाले आणि २००४ मध्ये अथेन्सला सासरच्या नावाने पुन्हा सुवर्ण. २००५ च्या अखेरीस मुलगा झाला. मग प्रश्न एकच उरला, आई झालेल्या बाईला आता हे जमेल का? नवराही बेसबॉल खेळतच होता. पण बापाला असे विचारायची रीत ना तिकडे, ना आपल्याकडे.

इथपर्यंत मी तानीच्या बाजूने आहे.

पण एप्रिल २००७ मध्ये देशातल्या निवड स्पर्धेच्या अंतिम लढतीत तोमोको फुकुमीने तिला हरवले. याच फुकुमीने २००२ साली, शाळकरी वयात, तिला एकदा हरवले होते. तरी जागतिक स्पर्धेसाठी रिओला गेली तानीच. परदेशातली तिची आजवरची कामगिरी निवडणाऱ्यांनी मोठी मानली. तिने तिथे सातवे जागतिक सुवर्ण मिळवले आणि लोक म्हणाले, बघा, निवड बरोबरच होती.

हा कसला इन्साफ? फुकुमी तिथे उतरलीच नाही, मग पडताळा कशाशी घ्यायचा? आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेला मुलगी पाठवताना हाच पेच पडतो. मागच्या वर्षी ढाल आणणारी एक, आणि यंदा वर्गात तिच्याहून सरस बोललेली दुसरी. स्टाफरूम बहुधा ढालवालीच्या बाजूने. अनुभवाला किंमत आहे, हे मलाही मान्य. मग तसे आधीच सांगावे. चाचणी घ्यायची आणि निकाल बाजूला सारायचा, हा वायदा मोडणे झाले. आईच्या मेहनतीची कदर जरूर करावी, पण ती दुसरीच्या हक्कातून कापून नव्हे.

२००८ मध्ये तेच घडले. अंतिम लढतीत एमी यामागिशीने तानीला हरवले, तरी बीजिंगला तानीच गेली. उपांत्य लढतीत रुमानियाच्या अलिना दुमित्रूकडून हरली, पदक कांस्य. रिओच्या सुवर्णाने निवड बरोबर ठरत असेल, तर या कांस्याने ती चूक ठरली म्हणायचे का?

फुकुमी २००९ मध्ये जगज्जेती झाली. ऑलिम्पिक तिला मिळाले ते थेट २०१२ चे, लंडनला. पाचवी आली. तेव्हा ती २७ वर्षांची होती. तानीला अंतिम लढतीत हरवले, तेव्हा २१ची.