कॅलेंडरच्या मागं

सदलग्यात दूधगंगेच्या अंगाला एक ऊसकरी घर आहे. तिथल्या धाकल्याचं वय ४७, तरी घरादाराला तो धाकलाच. जन्मापासून डाऊन सिंड्रोम. तोंडात चार-पाच शब्द. पण पहाटे वैरण टाकायची, वासरू सोडायचं, दुधाची किटली डेअरीत पोचवायची, ही कामं त्याचीच.

दिवाळीनंतर तो उंबऱ्यावर अडखळू लागला. पाय उचलायचा, पुन्हा तिथंच ठेवायचा. वैरण दावणीत न टाकता अंगणातच टाकायचा. थोरला चिडायचा, "हट्ट करायलाय नुसता!" शेजारी म्हणायचे, "आधीच तसला, त्यात नवं ते काय?"

वहिनीला ते पटेना. तिनं कॅलेंडरच्या मागं लिहायला घेतलं: आज किटली वाटेतच ठेवून आला. सदऱ्याची बाही सापडेना. उठल्या उठल्या हात झटक्यानं उडाला.

पहिल्या डॉक्टरांनी त्याला वार विचारला, तारीख विचारली. धाकला हसला. ज्याला वार कधीच सांगता आला नाही, त्याचं विसरणं अशा प्रश्नांनी कसं कळणार?

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीलाच विचारलं, "दोन वर्षांमागं याला काय काय जमत होतं?" वहिनीनं कॅलेंडर पुढं केलं. बाईंनी आधी कान, डोळे, दात पाहिले, थायरॉईड तपासलं. बहिरेपण, मोतीबिंदू, अंगातला ठणका, उदासी यांनीही माणूस असाच मागं पडतो, आणि त्यांवर इलाज असतो. कानातला मळ निघाला, थायरॉईडची गोळी सुरू झाली. काही महिन्यांत धाकला जरा तरतरीत झाला, पण उंबरा काही ओलांडेना.

मग बाईंनी समजावलं. डाऊनमध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. म्हणून हा आजार यांना चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. बऱ्याचदा आधी स्वभाव बदलतो, हातचं काम सुटतं. झटकेही त्यातलेच असू शकतात.

थोरल्यानं उंबऱ्याला पिवळा रंग दिला आणि सकाळी स्वतः हात धरून त्याला पलीकडं न्यायला लागला.

शेजारणीची लेकही तसलीच, पस्तिशीची. वहिनी तिच्याकडं गेली. "हिला काय काय येतं ते आत्ताच लिहून ठेव."

"हिला काय येतंय अक्का? काय लिहू?"

"सांजेला कोंबड्या कोण कोंडतं?"

"तीच की."

"मग तिथनंच सुरू कर."