प्रतिनिधी कोणाचा?

युरोव्हिजन या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेसाठी स्वीडन आपले गीत ‘मेलोडीफेस्टिव्हालेन’ या राष्ट्रीय स्पर्धेतून निवडतो. तिच्या अंतिम फेरीत निम्मे गुण जनतेच्या हाती असतात आणि निम्मे परदेशी परीक्षकमंडळांच्या, म्हणजे इतर देशांतील जाणकारांच्या गटांच्या, त्यामुळे देशाचा प्रतिनिधी पारखण्याचा अधिकार परक्यांना कसा पोहोचतो, हा प्रश्न मुळातच तात्त्विक ठरतो. २०२५ मध्ये परीक्षकांचा कौल गायक मोन्स सेल्मरलेव्ह यांच्या बाजूने असूनही जनमताच्या बळावर फिनलंडमधील एक स्वीडिशभाषक त्रिकूट जिंकले, आणि १९९८ नंतर प्रथमच स्वीडनने स्वीडिश भाषेतील गीत युरोव्हिजनला पाठवले. प्रतिनिधित्व जन्मभूमीतून नव्हे, तर समाजाच्या स्वीकारातून सिद्ध होते, हेच येथे दिसते. आणि परक्यांची पारख कितीही मोलाची असली, तरी हा स्वीकार ती देऊ शकत नाही. पुढे बाझेल येथे झालेल्या युरोव्हिजनच्या अंतिम फेरीत ते गीत चौथे आले.