काळं व्हायचे पैसे

आमच्या शेजारच्या कुमूताईंची लेक सावळी. लग्नाआधी महिनाभर तिला डाळीचं पीठ आणि साय चोपडत होते. पुढे जर्मनीत तिच्या घरी गेलो, तर तिची गोरीपान शेजारीण पैसे मोजून काळी व्हायला निघालेली!

तिथं त्यासाठी दुकानं असतात. आत झाकणाचा पलंग. वर-खाली नळ्या, मध्ये माणूस. नळ्या म्हणजे आपल्या ट्यूबलाइटच्या चुलत बहिणी. पोटात तीच पाऱ्याची वाफ, फक्त काचेला आतून लेप निराळा. म्हणून उजेडाऐवजी मुख्यतः अतिनील किरण बाहेर पडतात. कातडीला इजा होते, आणि ती बिचारी बचावासाठी मेलॅनिनची छत्री उघडते. लोक त्या छत्रीलाच सौंदर्य म्हणतात! २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हे पलंग तंबाखूच्या पंगतीला नेऊन बसवले. तरी गिऱ्हाइकं आहेतच.

मी पोट धरून हसलो. म्हटलं, "अगं, शरीर आपलं की बघणाऱ्यांचं?"

ती हसली नाही. म्हणाली, "काका, ती निदान आपल्या पायांनी जाते. मला धरून बसवलं होतं."

साय आमच्या घरून जायची, हे मी बोललो नाही.